काजळीचा नियम

माझ्या नाकावर आईनं फार कष्ट घेतले. मी तान्ही असताना रोज आंघोळ झाली की ती माझं नाक चिमटीत धरून वर ओढायची, म्हणजे मोठेपणी ते स्पॅनिश बायकांसारखं उभं राहील. एके काळी स्पॅनिशांनी राज्य केलेल्या आमच्या सान अन्सेल्मो गावातल्या सगळ्याच आया हे करतात. नाकानं मात्र काही ऐकलं नाही, ते होतं तिथंच पसरून बसलं. पुढे मी याच गावच्या हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले, आणि आनुवंशिकतेचा धडा आला की दरवर्षी या नाकापासूनच सुरुवात करते. चिमटीत धरून जनुकं बदलत नाहीत, असं सांगते. मुलं माझ्या नाकाकडे बघून हसतात. हसू देत, धडा लक्षात राहतो.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅम, मग कातडी साबणानं बदलते का?"

निम्म्या मुलींच्या दप्तरात गोरं करणारा पपईचा साबण होता, आणि विचारणारी मुलगी आती जमातीची होती. मी म्हटलं, नाही बदलत, फक्त साबण झिजतो. त्या दिवसापासून ती पोर माझी झाली.

मिरासोल तिचं नाव. गावामागच्या टेकडीवर आती लोकांची वस्ती आहे. ठेंगणी, काळीभोर, दाट कुरळ्या केसांची माणसं. या बेटावर आमच्याही फार फार आधीपासून राहणारी. त्या वस्तीतून बारावीपर्यंत पोचलेली मिरासोल पहिलीच. गावाचं आणि वस्तीचं नातं काय आहे ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. पोराचा ताप उतरेना की गावातल्या बायका मागच्या दारानं आती म्हातारीला बोलावतात आणि तिच्याकडून औषधी मुळ्यांच्या तेलाची बाटली घेतात. तीच म्हातारी दुसऱ्या दिवशी जीपनीत, म्हणजे भाड्याच्या लांब जीपगाडीत, चढली की याच बायका शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवतात. जागा आहे, पण पिशवी बसली आहे. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता जीपनीत पिशवी दिसली की माझा हात शिवशिवतो.

आणि याच गावाचा सगळ्यात मोठा सण आती लोकांच्या नावानं साजरा होतो, हे विशेष.

गोष्ट अशी सांगतात की आमचे पूर्वज बोर्निओहून होड्यांनी आले तेव्हा आतींच्या सरदारानं त्यांना किनाऱ्याची सगळी सपाट जमीन देऊन टाकली आणि स्वतःचे लोक घेऊन तो डोंगरात गेला. बदल्यात आमच्या लोकांनी त्याला सोन्याची टोपी दिली. मग आनंदानं आमच्या लोकांनी अंगाला काजळी फासली, आतींसारखं रूप घेतलं आणि त्यांच्यासोबत नाचले. म्हणून जानेवारीत बाळ येशूच्या सणाला सारं गाव करवंट्या जाळून काजळी करतं, तेलात कालवून तोंडाला फासतं आणि ढोलाच्या तालावर रस्त्यानं नाचतं. बँकेतले नाचतात, मास्तर नाचतात, मासळीवाल्या नाचतात. जो गट जिंकतो तो बाळ येशूची मूर्ती उचलून चर्चमध्ये नेतो आणि पहिल्या बाकावर बसतो. वर्षभर त्या गटाचा तोरा काही विचारू नका.

खरे आती त्या दिवशी चर्चच्या बाहेरच्या भिंतीला टेकून बसलेले असतात, पुढे कापड पसरून. नाचून दमलेले लोक त्यांच्या कापडावर काहीतरी टाकतात आणि आत जातात.

मिरासोलची आजी तिबुर्सिया, आमच्या बोलीत लोला तिबुर्सिया, त्या भिंतीची जुनी मानकरी. ऐंशीच्या घरातली, काटकुळी, पण हात ढोलावर पडला की समोरच्याच्या पोटात धडधडतं. जीभही तशीच. कुणी कापडावर फुटकं नाणं टाकलं की ती मान वर करून विचारायची, "टोपी कुठंय रे? जमीन दिली, ती दिसते मला. टोपी कुठाय?" लोक हसायचे. दरवर्षी मिरवणुकीत टोपीचा खेळ असतोच. पुठ्ठ्याची, सोनेरी कागद चिकटवलेली ती टोपी उत्सव समितीचे अध्यक्ष डोक्यावर घालतात, आणि तोंडाला काजळी फासलेल्या एखाद्या पुढाऱ्याला आतींचा सरदार म्हणून देतात. खेळ संपला की टोपी परत अध्यक्षांच्या कपाटात जाते.

अध्यक्ष म्हणजे मानोंग फाकुंदो, मानोंग म्हणजे आमच्याकडे थोरला दादा. गावातल्या एकुलत्या एका भातगिरणीचे मालक. मनानं वाईट नाहीत. माझ्या शाळेचं छप्पर वादळात उडालं तेव्हा पहिले पत्रे त्यांनीच पाठवले. पण त्यांच्या बैठकीत एका स्पॅनिश पणजोबाची तसबीर आहे, आणि माणूस कुठलंही बोलणं फिरवून फिरवून त्या तसबिरीशी आणून थांबवतो. केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरेल.

त्या वर्षी डिसेंबरात मिरासोल माझ्या घरी आली. पायरीवर बसली, मी दिलेला पानात बांधलेला चिकट भात तिनं सोललाही नाही. म्हणाली, लोलाच्या छातीत आता घरघर असते. ती सारखं एकच म्हणते, आयुष्यभर भिंतीला पाठ लावून ढोल आत जाताना ऐकला, एकदा तरी स्वतः वाजवत आत जायचंय.

"आमचा गट लिहून घ्याल का मॅम? नियम आहे, गावातलं कुणीतरी जबाबदार हवं."

मी हो म्हणण्याआधी क्षणभरही थांबले नाही. मला फार आनंद झाला आणि त्याहून जास्त भीती वाटली. हे फसलं तर म्हातारी परत त्याच भिंतीशी बसणार होती, आणि पुढच्या वर्षी बसायला ती असेल की नाही कुणी सांगावं.

सणाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर नेरिसा आली. ही इलोइलोच्या विद्यापीठातली जनुकशास्त्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी तिनं गावातल्या आणि वस्तीतल्या राजीखुशीनं तयार झालेल्या माणसांच्या गालाच्या आतून कापसानं नमुने घेतले होते आणि सांगितलं होतं की काय निघतं ते पहिल्यांदा तुम्हालाच येऊन सांगेन. असं म्हणणारे बरेच येतात, परत कुणी येत नाही. ही आली. बास्केटबॉलच्या छपराखाली खुर्च्या मांडल्या, गाव पुढे बसलं, आती मागे उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी.

सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं की कुणाच्या नमुन्यात काय निघालं ते ती मेली तरी सांगणार नाही. मग ती पुढचं बोलायला लागायच्या आतच मानोंग फाकुंदो उठले. खेळकर आवाजात म्हणाले, "डॉक्टर, बाकीचं राहू द्या. आमच्या टेकडीवरची मंडळी आफ्रिकेतून कुठल्या बोटीनं आली तेवढं सांगा."

मोठा हशा झाला. मिरासोल मागे खांबाला धरून उभी होती. शाळेत पहिल्या दिवसापासून तिला याच नावानं हाक मारत, आफ्रिका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डॉक्टर पोरगी शांत होती.

"मानोंग, आफ्रिकेतून सगळेच आलो. तुम्हीसुद्धा, तुमचे स्पॅनिश पणजोबासुद्धा. फक्त फार फार पूर्वी," ती म्हणाली. "आणि त्यानंतरचं विचाराल, तर आती माणूस आजच्या आफ्रिकेतल्या माणसापेक्षा तुमच्या कितीतरी जवळचा आहे. दिसायला तसा, नात्यानं असा."

मग तिनं साध्या शब्दांत समजावलं. कातडीचा रंग हे सगळ्या जनुकांतल्या अगदी थोड्यांचं काम. जिथं ऊन कडक तिथं गडद रंग टिकतो, मग ती माणसं एकमेकांची कुणी असोत वा नसोत. म्हणून रंग बघून नातं लावायला गेलं की माणूस शेजाऱ्याला परका ठरवतो आणि परक्याला भाऊ. जगातली कुठलीही दोन माणसं घ्या, जनुकांच्या हजार अक्षरांत जेमतेम एखादं वेगळं निघतं. त्या एका अक्षरातलाही मोठा वाटा एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांमध्येच सापडतो. आणि शेवटी तिनं सान अन्सेल्मोचं सांगितलं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात आतींचा काही ना काही अंश होता, कुणात थोडा, कुणात चांगला भरघोस. आतींच्या नमुन्यांत गावाचा होता.

मग मासळीवाल्यांपैकी एकीनं मागून विचारलं, भरघोस कुणात. डॉक्टर हसली आणि मान हलवली.

त्या आठवड्यात गावात आरशांना उसंत मिळाली नाही. जो तो दुसऱ्याचे ओठ, नाक, केस निरखत होता. केशकर्तनालयात म्हणे खुर्चीवर बसलेला प्रत्येक जण सांगायचा, माझे केस तसे सरळच आहेत, दमट हवेनं वळतात. मी शाळेत मुलांना घेऊन खूप हसले. मानोंग फाकुंदोंनी केसांना तेल दुप्पट केलं.

आणि त्यांचा अपमान झाला होता. त्याचा राग त्यांनी गटांच्या बैठकीत बाहेर काढला. नगरपालिकेच्या सभागृहात सगळे गटप्रमुख बसले होते, मी आणि मिरासोलही होतो. त्यांनी नियम वाचून दाखवले आणि एका नियमाशी मुद्दाम थांबले. नाचणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला रंग लावलेला असलाच पाहिजे. नसेल तर गट रस्त्यावरच बाद.

मी उठले. म्हटलं, मानोंग, आतींनी आतींसारखं दिसायला काजळी लावायची? समुद्रात मीठ टाकायला सांगताय काय? माझा आवाज जरा चढला असेल. ते म्हणाले, मॅम मेडिंग, नियम म्हणजे नियम. आज यांना सूट दिली तर उद्या बँकेतले कोऱ्या तोंडानं येतील. तुमच्या डॉक्टरबाईच म्हणाल्या ना, सगळे सारखे. मग सगळ्यांना नियम सारखा.

सभागृहात दोघे तिघे फिदीफिदी हसले. मला तिथल्या तिथे राजीनामा कुणाला तरी द्यावासा वाटला, पण माझ्याकडे देण्यासारखं पद नव्हतं. तेव्हा मिरासोल उठली. शाळेत प्रश्न विचारायची तोच आवाज.

"सर, काजळी का लावतात?"

"एवढंही माहीत नाही पोरी? आमच्या पूर्वजांनी तुमच्या पूर्वजांना मान दिला. त्यांच्यासारखं रूप घेतलं. तो मान आहे, चेष्टा नाही."

"म्हणजे ज्यांना मान द्यायचा त्यांच्यासारखं रूप घ्यायचं."

"बरोबर."

"आणि यात कुणी रागवायचं नाही."

"मानाला कोण रागावेल?" मानोंग फाकुंदो म्हणाले.

"मग ठीक आहे सर. आम्ही रंग लावून येऊ," ती म्हणाली आणि बसली.

परतताना मी तिच्यावर भडकले. म्हटलं, आजीला इतक्या वर्षांनी रस्त्यावर आणायचं ते काय स्वतःचीच नक्कल करायला? ती फक्त म्हणाली, मॅम, तुम्ही या तर खऱ्या. माझ्याकडून तिनं एकच गोष्ट मागितली, सगळ्यात मोठी छत्री. मी चिडचिडतच दिली.

सणाचा रविवार उजाडला. रस्ता ढोलांनी हलत होता, भाजलेल्या कोंबडीचा धूर डोळ्यांत जात होता. माणसं अशी काळी झालेली की माझेच विद्यार्थी मला ओळखू येईनात. चर्चसमोर मंच, मंचावर बाहेरगावचे तीन परीक्षक, फादर, आणि सोनेरी टोपी घातलेले मानोंग फाकुंदो. शेजारी त्यांची बायको मानांग लुदिंग, सावलीतसुद्धा छत्री उघडून. गोऱ्या रंगाला उन्हाचा एक किरण लागू नये म्हणून या बाईनं उभ्या आयुष्यात छत्री मिटलेली नाही.

बँकेचा गट गेला, रिक्षावाल्यांचा गेला. मग ध्वनिक्षेपकावर आमचं नाव पुकारलं, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. काही जण भिंतीकडे वळले सवयीनं. भिंत रिकामी होती.

रस्त्याच्या टोकाकडून आधी ढोल आला. मग ते वळणावरून पुढे आले आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

सगळे पांढरे होते. डोक्यापासून पायापर्यंत तांदळाचं पीठ. कुरळ्या केसांवर, पापण्यांवर, ढोल धरलेल्या बोटांवर. चाळीसेक माणसं पिठाची चालत येत होती आणि त्यातून काळे डोळे चमकत होते. सगळ्यात पुढे लोला तिबुर्सिया, पांढरीफटक, गळ्यात ढोल.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग नाच सुरू झाला. माझी छत्री उघडून मिरासोल अशा तोऱ्यात चालली की दहा पावलांत साऱ्या गावानं ती चाल ओळखली. तिच्यामागे दोन बायका काल्पनिक बाळाचं नाक ओढत होत्या, ढोलाच्या ठेक्यावर, एक खेच, दोन खेच, आणि बाळाचं नाक काही वाढत नव्हतं. मी मोठ्यांदा हसले, माझ्या आईची आठवण होऊन डोळ्यांत पाणीही आलं. चौघी जणी अंगाला साबण घासत होत्या, घासून घासून आरशात बघत होत्या, परत घासत होत्या. मग रस्त्यावर बाकडं आलं, ती जीपनी झाली. पिठाच्या बायका ओळीनं बसल्या. हातात तेलाची बाटली घेतलेली एक जण चढायला आली, तशी सगळ्यांनी एका तालावर पिशव्या उचलून रिकाम्या जागेवर ठेवल्या. धाड. ती पुढे सरकली, परत पिशव्या. धाड. आणि लगेच त्याच बायका बाकड्यामागे गेल्या, इकडे तिकडे बघून हळूच हात पुढे केला आणि तिच्याकडून तेलाची बाटली घेऊन कपड्यांआड लपवली.

आधी गाव हसलं, खदखदून. पिशव्यांपाशी हसू विरलं. माझ्या शेजारच्या मासळीवालीनं हातातली पिशवी खाली ठेवली, मग पायामागे सरकवली.

मंचावर मानोंग फाकुंदो उभे राहिले. काजळीखालूनही चेहरा लाल झालेला कळत होता. त्यांनी माइक ओढून घेतला. "थांबवा. हा गट बाद आहे. ही आमची चेष्टा आहे. आमच्या वंशाची चेष्टा आहे, आणि तीही देवाच्या सणात."

नाच थांबला. लोला तिबुर्सियानं ढोलावरचा हात उचलला नाही, नुसता स्थिर ठेवला. ती मंचापाशी गेली. त्यांच्या हातातला माइक खाली लोंबत होता, तिचं बोलणं सगळ्या रस्त्यानं ऐकलं.

"फाकुंदो, तू जन्मताना अडला होतास. माझ्या आईला मागच्या दारानं बोलावलं, मी तेलाची बाटली धरून उभी होते. तेव्हापासून तुला बघतेय. पोरगा असल्यापासून तू तोंडाला काजळी लावतोस, माकडासारख्या उड्या मारतोस आणि म्हणतोस मी आती. मी भिंतीला बसून टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास हा मान आहे. मी मान म्हणून घेतला. आज एकच दिवस आम्ही तुम्हाला मान दिला, आणि तुला तो सोसेना?"

मानोंग फाकुंदोंनी टोपी सावरली. मग ते म्हणाले, "काजळीचा नियम आहे..."

"सर, नियम रंगाचा आहे," मिरासोल खालून म्हणाली. "ज्यांना मान द्यायचा त्यांच्यासारखं रूप घ्यायचं. तुम्हीच सांगितलंत. पीठही तुमच्याच गिरणीचं आहे."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला माहीत आहे, कारण मी तिच्याकडेच बघत होते. मानांग लुदिंग. तिचा हसून हसून तोल गेला. मिरासोलच्या छत्रीकडे बोट दाखवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती मीच आहे. हुबेहूब मी. अशीच चालते ना मी?" आणि तिनं आपली छत्री मिटली. भर दुपारच्या उन्हात. गावानं हे आजवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कुणाला आवरता आलं नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मानोंग, आधी आपले केस बघा." आणि खरंच, उन्हानं आणि रागानं घाम येऊन टोपीखालचं सगळं तेल ओघळलं होतं, आणि कानांवर केसांच्या लहान लहान गुंडाळ्या उभ्या राहिल्या होत्या. दाट, घट्ट, सुंदर. त्यांनी हात वर नेला, हाताला त्या लागल्या. डॉक्टर नेरिसा गर्दीत माझ्या मागे उभी होती. मी वळून तिच्याकडे बघितलं. तिनं मिठाची गुळणी धरली होती.

बँकेच्या गटाच्या ढोलवाल्यानं ठोका दिला. स्वतःचा नाही, लोला तिबुर्सियाचा. मग रिक्षावाल्यांनी उचलला, मग मास्तरांनी. "हाला बिरा" अशी सणाची आरोळी देत काळे लोक पांढऱ्यांत शिरले आणि पांढरे काळ्यांत, आणि मीही शिरले, माझ्या वयाला न शोभेल अशी नाचले. तासाभरानं घामानं काजळी आणि पीठ एक झालं आणि रस्ताभर राखाडी माणसं उरली. माझ्या हाताला कुणाचा तरी हात होता, कुणाचा ते मी अजूनही सांगू शकत नाही.

परीक्षकांना विचार करायला फारसा वेळ लागला नाही. निकाल सांगायचं काम अध्यक्षांचं असतं. मानोंग फाकुंदोंनी चिठ्ठी वाचली, घसा साफ केला, आणि आमचं नाव घेतलं. स्पष्ट घेतलं, अडखळले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

मूर्ती मिरासोलनं आणि वस्तीतल्या चौघांनी उचलली. पुढे लोला तिबुर्सिया ढोल वाजवत. भिंतीपाशी आल्यावर ती थबकली. आपल्या जागेकडे तिनं पाहिलं, तिथं भिंतीचा रंग तिच्या पाठीनं घासून गेला होता. मला वाटलं म्हातारी रडेल. ती हसली, आणि ढोल असा वाजवला की घंटेवरची कबुतरं उडाली. मग ती दारातून आत गेली. मीच रडले.

पहिल्या बाकाच्या एका टोकाला मानोंग फाकुंदो नेहमीच्या जागी येऊन बसले होते. डोक्यावरची सोनेरी टोपी काढून त्यांनी बाजूला बाकावर ठेवलेली, नेमकी मधल्या जागेवर. लोला तिबुर्सिया बाकापाशी पोचली आणि उभी राहिली. मागे सगळं चर्च भरलेलं होतं आणि सगळं चर्च त्या टोपीकडे बघत होतं. जीपनीतली पिशवी प्रत्येकाला आठवली असणार, मला तर आठवलीच.

मानोंग फाकुंदोंनाही आठवली. ते झटकन टोपी उचलून सरकले, स्वतःच्या अंगानं, बाकाच्या अगदी कडेपर्यंत, आणि जागा करून दिली. म्हातारी बसली, ढोल पायाशी ठेवला. आता टोपी त्यांच्या हातात होती, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. मांडीवर ठेवली, उचलली, परत ठेवली.

लोला तिबुर्सियानं पिठाचा हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "आमचीच आहे ती."